खंदकाच्या काठावरचा शर्ट: एका प्रलय-थट्टेचा प्रकरण अभ्यास

२१ डिसेंबर २०१२, शुक्रवार. गोव्यातल्या डिचोली तालुक्याच्या खाणपट्ट्यातल्या एका गावात त्या दिवशी पहाटे सात ठिकाणी माणसाशिवायचे कपडे मांडून ठेवले गेले. बटणे लावलेला शर्ट, त्याच्याखाली सरळ पसरलेली पँट, पँटीच्या टोकाशी चपलांचा जोड. अंगात कपडे असलेला माणूस उभ्या जागी नाहीसा व्हावा आणि कपडे तेवढे खाली पडावेत, अशी ती मांडणी होती. माया संस्कृतीच्या कालगणनेनुसार त्या दिवशी जग बुडणार असे टीव्हीवर कितीतरी दिवस चालले होते, त्याची ही थट्टा गावातल्याच पाच तरुणांनी केली होती. सकाळी साडेसहाला बसथांब्यावर लोक पोट धरून हसले. नऊच्या सुमाराला त्याच गावातली एक आई खाणीच्या खंदकाच्या काठावर आपल्या मुलाचा शर्ट हातात घेऊन मटकन खाली बसली. दुपारी त्याच शर्टाचा फोटो आखातातून उलटा गावात आला, आणि आता त्याच्यासोबत मजकूर होता: 'डिचोलीत सात ट्रक ड्रायव्हर बेपत्ता.'

मी शेजारच्या उच्च माध्यमिक विद्यालयात शिकवतो. पाचांतले दोघे माझे माजी विद्यार्थी, त्या आईचे घरही माहितीचे. त्यामुळे दोन्ही बाजूंशी निवांत बोलता आले. गावाचे आणि माणसांची नावे मुद्दाम गाळली आहेत. बोलणी कोकणीत झाली, इथे ती बहुतेक मराठीत दिली आहेत.

थट्टा आली कुठून

ही कल्पना मुलांची स्वतःची नव्हती. त्यांच्यातला एक म्हापशाच्या कॉलेजात संगणक शिकत होता आणि त्याने दीड वर्षापूर्वीचे अमेरिकेतले फोटो पाहिले होते.

कॅलिफोर्नियातल्या ओकलंड इथल्या 'फॅमिली रेडिओ' या ख्रिस्ती प्रसारण संस्थेचे प्रमुख हॅरोल्ड कॅम्पिंग यांनी बायबलमधल्या आकड्यांवरून हिशेब मांडून २१ मे २०११ ही तारीख जाहीर केली होती. त्या दिवशी खरे श्रद्धावंत सदेह स्वर्गात उचलले जातील, मागे राहिलेल्यांवर भूकंप कोसळतील आणि ते प्रत्येक देशात तिथल्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी सहाला सुरू होतील, असे त्यांचे म्हणणे. कॅम्पिंग तेव्हा ८९ वर्षांचे होते. १९९४ सालासाठीही त्यांनी असेच भाकीत केले होते आणि ते फसले होते. तरीही रस्त्यारस्त्यांवर मोठे फलक लागले, गाड्या फिरल्या, काही अनुयायांनी आयुष्याची पुंजी जाहिरातींवर घातली.

त्यावर लोकांनी थट्टेने उत्तर दिले. पदपथावर, हिरवळीवर, बागेच्या बाकांवर कपडे आणि बूट अशा तऱ्हेने मांडले की वाटावे, इथला माणूस आताच वर गेला. फोटो काढले, फेसबुकवर टाकले, ते पाहून दुसऱ्या शहरातल्यांनी तेच केले. श्रद्धावंत गेल्यावर त्यांची घरे लुटायला जमूया, असे एक खोटे आमंत्रण फेसबुकवर निघाले आणि लाखो लोकांनी 'येतो' म्हणून नोंदवले. त्याआधी २००९ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका नास्तिक गृहस्थाने स्वर्गात जाणाऱ्यांची मागे उरलेली कुत्री-मांजरे सांभाळण्याची सेवा जाहीर केली होती. सगळा बनाव होता, हे पुढे त्यानेच सांगितले.

२१ मे आला आणि गेला. कॅम्पिंग यांनी आधी २१ ऑक्टोबर ही नवी तारीख दिली, तीही गेली, आणि मार्च २०१२ मध्ये त्यांनी आपले चुकल्याचे लेखी कबूल केले.

या थट्टेची एक बाजू नीट लक्षात घ्यायला हवी. तिथे रिकामे कपडे पाहणाऱ्या जवळपास प्रत्येकाला भाकीत ठाऊक होते. माणूस वर उचलला गेला तर कपडे खाली राहतील, हे चित्र त्या समाजाच्या परिचयाचे होते. सदेह उचलले जाण्याची ही कल्पना अमेरिकेतल्या काही प्रोटेस्टंट पंथांमध्ये रुजलेली आहे. आपल्याकडच्या कॅथलिक घरांतही ती तशी ओळखीची नाही, मग हिंदू वाड्यावर कुठून असणार? मुलांनी फोटोतली मांडणी उचलली. ती मांडणी ज्या समजुतीवर उभी होती ती मात्र फोटोसोबत येणे शक्यच नव्हते.

गावाची त्या वेळची स्थिती

सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेला, राज्य सरकारने खाणी तात्पुरत्या बंद केल्या आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवण्याचा आदेश दिला. बेकायदा खाणींनी शेते, ओहोळ आणि डोंगर यांची काय दैना केली होती ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे, त्यामुळे त्या आदेशाबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्याने कर्ज काढून टिपर घेतला होता त्याचा हप्ता काही न्यायालयाने थांबवला नव्हता. पावसाळा संपताच ज्या रस्त्यावर खनिजवाहू ट्रकांची रांग लागायची, तिथे ते ट्रक एकामागे एक नुसते उभे होते. टायरांवर गवत चढू लागले होते.

अशा गावात टीव्हीवरून रोज रात्री प्रलय सांगितला जात होता. माया दीर्घगणनेतले तेरावे बाकतुन त्या दिवशी पूर्ण होत होते, म्हणजे मोजणीचा एक मोठा टप्पा संपून पुढचा सुरू होणार होता, बाकी काही नाही. नासाने तर 'काल जग का बुडाले नाही' असा व्हिडिओ तारखेच्या आधीच काढून ठेवला होता. आमच्याकडे पोचले ते भडक संगीत आणि फुटणारी पृथ्वी. शाळेतली मुले वर्गात विचारत होती. एका शेतकऱ्याने वायंगणाचा, म्हणजे हिवाळी भाताचा, तरवा काढायचे लांबवले, '२१ तारीख जाऊ दे' म्हणून. गावातल्या सर्वांत वृद्ध भटजींना फेब्रुवारी १९६२ मधला अष्टग्रहीचा धसका आठवत होता. गोवा मुक्त होऊन तेव्हा दीडच महिना झाला होता, मकर राशीत आठ ग्रह जमणार म्हणून देशभर यज्ञ चालले होते, आणि इथे पोर्तुगीज गेले न गेले तोच जग बुडायची बातमी आली होती.

ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नसते. सप्टेंबर २००८ मध्ये जिनिव्हाजवळचा महाकाय कणत्वरक, म्हणजे अतिसूक्ष्म कणांची टक्कर घडवणारे यंत्र, सुरू होणार होता, तेव्हा आपल्या वृत्तवाहिन्यांनी 'पृथ्वी नष्ट होणार का' असे दिवसभर चालवले. मध्य प्रदेशातल्या एका सोळा वर्षांच्या मुलीने ते पाहून आपला जीव दिला. म्हणून मुलांनी भाकिताची खिल्ली उडवायची ठरवली याचे मला आजही कौतुक वाटते. मनात दबलेली भीती दहा माणसांत हसून बोलली गेली की तिचा जोर ओसरतो. त्यांचा हेतू तोच होता आणि तो चांगला होता.

ती सकाळ

पहाटे पाचला त्यांनी कपडे मांडले. पहिला जोड बसथांब्यावर. त्याच्याशेजारी पुठ्ठ्याची पाटी: '२१-१२-१२. खाण बंद, ट्रक बंद, आता ड्रायव्हरही वर गेले. हप्ता माया लोकांकडे मागावा.' या पाटीत गावाचे दुःख आणि गावाचा राग दोन्ही होते. साडेसहाला पहिल्या बससाठी जमलेल्यांना ती वाचून हसू आवरेना. शाळेच्या पोरांनी त्या चपला पायांत घालून पाहिल्या. दोन ट्रकमालकांनी पाटी पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचली. इथे थट्टा शंभर टक्के साधली.

पाटी मात्र एकच होती. पुठ्ठा एकच मिळाला, आणि मुलांना वाटले, गाव एवढेसे, कळेल सगळ्यांना. उरलेले सहा जोड पाटीशिवाय राहिले. त्यांतले चार उभ्या ट्रकांच्या दाराशी होते. तिथे फारसे कोणी फिरकले नाही.

सहावा जोड गावाच्या शिवेवरच्या झाडाखाली. तो एका वृद्ध आजीने पाहिला. तिला ना माया माहीत होते ना अमेरिका. तिच्या मनात आला देवचार, गावाचा अदृश्य राखणदार. आमच्याच तालुक्यात साळ गावच्या गड्यांच्या, म्हणजे व्रत धरलेल्या पुरुषांच्या, उत्सवात देवचार एखाद्या गड्याला नेऊन लपवतो आणि बाकीचे गडे त्याला शोधून आणतात, अशी श्रद्धा आहे. आजीला तीच वाट दिसली. तिने घरी जाऊन नातवाच्या खिशातली विडी आणली, शर्टाच्या खिशाजवळ ठेवली, हात जोडले आणि निघून गेली. मुले साडेदहाला कपडे उचलायला आली तेव्हा त्यांना ती विडी मिळाली. कुणी ठेवली ते संध्याकाळपर्यंत कळेना.

सातवा जोड खंदकाच्या काठावर. लोहखनिज काढून झाले की डोंगरात जो खड्डा उरतो तो पावसाने भरतो. पाणी खोल, कडा तांबड्या आणि निसरड्या. मुलांनी ही जागा निवडली ती फोटो छान येईल म्हणून. कपडे कमी पडले, तेव्हा त्यांनी एका मित्राच्या ट्रकच्या केबिनमधला जादा शर्ट आणि चपला काढून आणल्या. किल्ली कुठे असते ते सगळ्यांना ठाऊक होते. तो मित्र पहाटेच साखळीहून चोर्ल्यामार्गे बेळगावला निघाला होता, कुणीतरी ड्रायव्हर हवा आहे असे सांगितले होते म्हणून. 'एक-दोन दिवसांत जाईन' एवढेच तो घरी बोलला होता, आणि आईची झोप मोडायला नको म्हणून न उठवता गेला होता.

त्याची आई जळणाला म्हणून त्या वाटेने आली. शर्ट तिने लांबूनच ओळखला नाही. जवळ आल्यावर वरून तिसऱ्या बटणाशी थांबली. बाकीची बटणे पांढरी, ते एक तपकिरी, काळ्या दोऱ्याने शिवलेले. शिवले होते तिनेच. बँकेची नोटीस येऊन पंधरवडा झाला होता, मुलगा जेवताना बोलत नव्हता. काठावर शर्ट, चपला पाण्याच्या दिशेने, माणूस नाही. आपल्याकडे पाण्याच्या काठाशी ठेवलेल्या चपला पाहून कोणाच्याही मनात एकच गोष्ट येते, आणि तिच्याही मनात तीच आली.

मागून येणाऱ्या शेजारणीने विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "हो म्हज्या पुताचो शर्ट." (हा माझ्या मुलाचा शर्ट.) ती रडली नाही, ओरडली नाही. शेजारीण धावत वाड्यावर गेली. फोन लावला तर लागेना. चोर्ला घाटात रेंज नव्हती, नंतर बॅटरी गेली. दोघे पोहणारे पाण्यात उतरले. पाचांतला एक तिथे पोचला आणि खरे काय ते त्याने लगेच सांगितले, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण तोपर्यंत सांगून उपयोग नव्हता. 'मग तो आहे कुठे?' याचे उत्तर त्याच्याकडेही नव्हते. रक्तदाब चढल्यामुळे तिला सरकारी दवाखान्यात न्यावे लागले. एकच्या सुमाराला मुलाने बेळगावहून दुसऱ्याच्या फोनवरून घरी फोन केला, तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला.

फोटोचा प्रवास

इकडे सात वाजताच सातही फोटो फेसबुकवर गेले होते. मुलांनी अल्बम केला होता आणि अल्बमला पाटीवरचाच मजकूर दिला होता. सुट्या फोटोंखाली काहीच नव्हते. लोकांनी अल्बम पुढे पाठवला नाही, फोटो पाठवला. सातांपैकी सर्वाधिक गेला तो खंदकाचा, कारण तोच सर्वांत देखणा होता: सकाळचा कोवळा उजेड, तांबडे पाणी, काठावर एकटा शर्ट. पाटी असलेला बसथांब्याचा फोटो अंधारात काढलेला, धुरकट. तो कुणी पुढे ढकलला नाही.

मला हा या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग वाटतो. खुलासा एका फोटोत होता आणि आकर्षण दुसऱ्या फोटोत. प्रवास आकर्षणाने केला. फेसबुकवरून तो व्हॉट्सॲपवर उतरला, तिथे अल्बमशी नाते तुटले. ज्याच्या हाती मजकुराविना फोटो पडला त्याने आपल्या मनातली भीती त्याखाली लिहिली. गोव्यात ट्रकवाल्यांचे हाल चालले आहेत एवढे बाहेरगावी माहीत होते, त्यातून 'बेपत्ता' हा शब्द आला. संध्याकाळी कुठूनतरी 'आत्महत्या' हा शब्दही आला. आखातात कामाला असलेल्या गावच्या दोघांनी घाबरून घरी फोन केले. त्यांच्यापैकी एकाने तर तिकिटाची चौकशी सुरू केली होती.

भाकिताची थट्टा करायला निघालेली गोष्ट दुपारपर्यंत स्वतःच एक अफवा झाली, आणि ती भाकितापेक्षा जास्त विश्वसनीय होती. जग बुडेल यावर थोड्यांचाच विश्वास होता. हप्ता थकलेला ड्रायव्हर पाण्यात उडी घेईल, यावर कोणीही विश्वास ठेवला असता.

देवळातली बैठक

शनिवारी संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात गाव जमले. पोलिसांत द्यावे असे काहींचे मत होते. आईनेच नको म्हटले. भटजींनी जे सांगितले ते मला फार नेमके वाटले. सत्तरी तालुक्यातल्या झर्मे गावात शिगम्याच्या दिवसांत चोरोत्सव होतो, त्यात माणसांना मातीत पुरतात, कुणाचे डोके तेवढे वर, कुणाचे धड तेवढे वर. परक्याने पाहिले तर त्याची दातखिळी बसेल. भटजी म्हणाले, "पोरांनो, ते भयंकर दिसते, पण ढोल वाजल्याशिवाय तिथे कोण पुरत नाही. गाव जमते, मग होते. तुम्ही ढोल एका जागी वाजवलात आणि पुरलेत सात जागी."

मुलांनी माफी मागितली आणि फोटो काढून टाकतो म्हणाली. नुसते काढून टाकण्याला मी विरोध केला. मूळ पुसले की बाहेर फिरणाऱ्या प्रतींना कोणी धनी उरत नाही, आणि खुलासा शोधणाऱ्यालाही काही सापडत नाही. त्याऐवजी मूळ फोटो ठेवून त्यावरच ठळक अक्षरांत मजकूर छापावा, आणि ज्यांना ज्यांना टॅग केले होते त्या प्रत्येकाला फोन करावा, असे ठरले. फोन करणे कंटाळवाणे होते, पण त्यांनी ते केले. परतलेल्या मुलाने तोच शर्ट घालून ट्रकच्या बॉनेटवर बसून फोटो दिला. आईने फोटोत यायला साफ नकार दिला आणि तो मानला गेला. खुलाशाचा फोटो पहिल्या फोटोइतका पसरला नाही. गावातल्या आणि आखातातल्या फोनांपर्यंत मात्र पोचला, आणि ती माणसे खरोखर घाबरलेली होती.

माझे मत

अशा थट्टा करू नयेत, असे मी म्हणणार नाही. मे २०११ च्या त्याच आठवड्यात अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने झोंबींचा हल्ला झाला तर काय तयारी ठेवावी, असा लेख प्रसिद्ध केला. वाचकांची एवढी झुंबड उडाली की त्यांचा सर्व्हर कोलमडला. भूकंप-वादळाच्या तयारीची रूक्ष माहिती त्या निमित्ताने असंख्य लोकांनी वाचली. तिथे खुलासा गमतीच्या पोटातच होता, तो वेगळा करून पुढे पाठवताच येत नव्हता. आमच्या मुलांना हेच साधायला हवे होते. पाटी शर्टाच्या शेजारी न ठेवता शर्टाच्या छातीवरच लिहिली असती, तर कोणताही फोटो तिच्याशिवाय निघाला नसता.

दुसरे, पाण्याची जागा. विहीर, तळे, खंदक, रेल्वेचे रूळ, इथे रिकाम्या चपला ठेवायच्याच नाहीत, मग पाटी असो वा नसो. वाचता न येणाऱ्यालाही डोळे असतात. आणि कपडे ज्याचे, तो माणूस तिथे हजर हवा. तो बाजूला उभा राहून हसत असता तर सातही जागी बसथांब्यासारखेच झाले असते.

आणखी एक गोष्ट मला आजही टोचते. त्या पाटीवरचे 'हप्ता माया लोकांकडे मागावा' हे वाक्य त्या वर्षात खाणपट्ट्यातून निघालेल्या कितीतरी निवेदनांपेक्षा धारदार होते. ते जगभर जायला हवे होते. नेमके तेच गावाबाहेर गेले नाही.

पाचही मुले आता तिशीत आहेत. सप्टेंबर २०१७ मध्ये निबिरू नावाचा ग्रह पृथ्वीवर आदळणार अशी हूल उठली तेव्हा खंदकाचा फोटो पुन्हा फिरत आला, या वेळी कर्नाटकातला म्हणून. संगणक शिकलेल्या त्या मुलाने जिथे जिथे तो दिसला तिथे खाली एकच मजकूर चिकटवला: 'हा फोटो २१ डिसेंबर २०१२ चा, गोव्यातल्या डिचोलीचा. आम्हीच मांडला होता. शर्ट ज्याचा, तो बेळगावात ट्रक चालवतो. काल रात्री फोनवर बोललो.'